टपावरचा कॅरियर आणि मागची सीट

आत्याला गाडीत कोंडल्यासारखं होतं, हे घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि सांगितलं कुणी होतं? खुद्द आत्यानेच. धाकट्या भावाने ती जुनी जीप घेतली, त्या वर्षी पहिल्यांदा तळ्याकाठी तंबू ठोकून राहायला जायचा बेत ठरला. मागच्या सीटवर तंबू, गाद्या, स्टोव्ह, पाण्याचे कॅन असा डोंगर रचल्यावर माणसाला बसायला तसूभर जागा उरली नाही. भावाचं तोंड एवढंसं झालं. ते बघून आत्या म्हणाली, तुम्ही जा रे, मला तसंही गाडीत कोंडल्यासारखं होतं. झालं! पुढच्या वर्षी तिला कुणी विचारलंच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तर भावजय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागली, की आमच्या वन्संना गाडी मुळीच सोसत नाही हो.

आता ही बाई त्याच जीपमधून आठवड्याला लोखंड आणायला जाते, स्वतः चालवते, गाणी म्हणत चालवते, हे काय कुणाला दिसत नव्हतं? दिसत होतं. पण घरात एकदा एखाद्याच्या नावावर एखादी गोष्ट चिकटली की ती खरवडून काढायला पटाशीच लागते. दर वर्षी आत्या वर्कशॉपच्या दारात उभी राहून हात हलवायची. जीप वळणाआड गेली की आत जाऊन उगाचच ग्राइंडर लावायची. तिला तळं बघायचं होतं. भाची परत येऊन सांगायची ते सगळं बघायचं होतं, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यात बसून बघायचं होतं.

आत्याचं वर्कशॉप म्हणजे घराला लागूनच असलेला पत्र्याचा लांबट गाळा. पुढे शटर, मागे खिडकी, मध्ये वेल्डिंगचं मशीन. गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांच्या जाळ्या तिच्या हातच्या. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट. कामात तिची एक खोड होती. नट-बोल्टवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. नट आवळला की त्यावर वेल्डिंगचा एक टाका मारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. गिऱ्हाइकं कपाळाला हात लावायची, की बाई, उद्या हे उघडायचं झालं तर? उघडायचं कशाला, असं तिचं उत्तर ठरलेलं.

या वर्षी भाऊ तिच्याकडे कॅरियर मागायला आला. भाचीचे पाय आता एवढे लांब झालेत की सामान आणि ती एका सीटवर मावत नाहीत, असं त्याचं म्हणणं. टपावर एक मजबूत कॅरियर कर, सगळं सामान वर जाईल. आत्याने मान डोलावली, पाइप कोणता लागेल ते सांगितलं, आणि भाऊ गेल्यावर हातातला हातोडा तसाच धरून बराच वेळ उभी राहिली. सामान वर गेलं की मागची सीट रिकामी. रिकाम्या सीटवर भाची एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला? कुणाच्या तरी डोक्यात येईलच की. माणसं काही दगड नाहीत.

मग काय विचारता. असा कॅरियर त्या गल्लीत कुणी बघितला नसेल. पाइप आणायला ती जीपच घेऊन गेली. त्यातच समोरच्या सुताराच्या फाटकासाठी लागणारे जाड गज आणि पट्ट्याही भरल्या. परत आल्यावर शटरखाली जीप उभी केली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि टपाच्या उंचीशी दाराच्या चौकटीवर खडूने खूण केली. तिथून शटरपर्यंत किती जागा मिळते ते मोजलं आणि त्यात चपखल बसेल असा कॅरियर बेतला. खाली उतरून मापं घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. हात पोचतोय ना, मग झालं.

जीप आत घेऊन टपाच्या कडेच्या पन्हळीला क्लॅम्प बसवले, पाइपांची चौकट जोडली, चारी बाजूंनी ठेंगणा कठडा केला. प्रत्येक नटावर टाका पडला. भाची संध्याकाळी डोकावून म्हणाली, आत्या, यावर तर नाचता येईल. आत्याने काळा रंग मारला, वाळल्यावर दुसरा हात मारला, आणि मग आणखी एक गोष्ट केली, जी कुणाला सांगितली नाही. स्वतःचे कपडे, टॉवेल आणि जाड शाल एका पिशवीत भरून पिशवी वेल्डिंग मशीनच्या मागे ठेवून दिली. कुणी चल म्हणून विचारलं तर ऐन वेळी धावपळ नको, एवढंच.

निघायच्या सकाळी भावजय कॅरियर बघून हरखून गेली. वन्सं, तुम्ही कमाल केलीत, आता कितीही सामान नेता येईल, असं म्हणत ती घरात पळाली. आणि ती खरोखरच कितीही सामान घेऊन आली. दर वर्षी जागेअभावी मागे राहणारं एकेक बाहेर निघालं. घडीच्या खुर्च्या आल्या, बर्फाची पेटी आली, पत्र्याची पेटी आली. वर चढवायचं सामान गल्लीत मांडून ठेवलं, कारण ते वर रचलं तर गाडी शटरखालून जाणार नव्हती. जे नाजूक होतं ते मागच्या सीटवर गेलं. भाचीच्या बाजूला बर्फाची पेटी, तिच्यावर घडीचं टेबल, टेबलावर उशी.

आत्या बघत राहिली. सीट पुन्हा भरली होती. तिला राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना म्हणून रडूही आलं. ते दिसू नये म्हणून तिने फडक्याने कॅरियर पुसायला घेतला. आधीच लखलखीत होता बिचारा.

भाऊ स्टिअरिंगवर बसला, रिव्हर्स टाकला, आणि कर्रर्र असा आवाज झाला. कॅरियरचा कठडा शटरच्या खालच्या पट्टीला घासला होता. गाडी पुढे घेऊन पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा कर्रर्र. शटर आणखी वर जाईना.

समोरचा सुतार रंधा टाकून आला. गल्लीत असं काही घडलं की सल्ल्यांना तोटा नसतो. कॅरियर काढा म्हणावं, तर प्रत्येक नटावर आत्याचा टाका. चाकांतली हवा सोडा म्हणावं, तर हवा भरायचा कंप्रेसर दुरुस्तीला गेलेला आणि पंप कधीचा हरवलेला. भाऊ चिडला. तू मापं घेतली होतीस ना, ताई? आत्याने खूण दाखवली. टप खुणेपासून चांगला दोन बोटं वर होता. गाडी काय रातोरात वाढली?

आणि मग आत्याच्या डोक्यात उजेड पडला. खूण केली तेव्हा मागे सुताराच्या फाटकाचं सगळं लोखंड भरलेलं होतं, आणि पुढे ती स्वतः बसलेली होती. जीप बिचारी स्प्रिंगांवर दबून उभी होती. फाटक आता सुताराकडे लागलं होतं, आणि तिच्या जागी तिचा काडीपैलवान भाऊ बसला होता. तिने हे सांगितल्यावर सुतार पोट धरून हसला. आत्यालाही हसू आवरेना.

मग वजन भरायचं ठरलं. भावजय पुढे बसली, भाची मागे बसली. जीप थोडी खाली गेली. भावाने हळूच रिव्हर्स घेतला. नखभर राहिलं. अगदी नखभर. सुताराने खाली वाकून बघितलं, आत्याकडे बघितलं आणि काही न बोलता खोकला. जे तो बोलला नाही ते भाचीने केलं. टेबल आणि उशी उचलून बाहेर दिली, बर्फाची पेटी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "आत्या, बस."

आत्या बसली. जीपने एक लांब सुस्कारा सोडला आणि ती खाली गेली. टप खडूच्या खुणेला येऊन टेकला. भावाने श्वास रोखून रिव्हर्स घेतला, आणि शटरच्या पट्टीला न शिवता जीप गल्लीत आली. सुताराने टाळ्या वाजवल्या.

सगळे भराभर उतरले. कॅरियरवर सामान चढायला लागलं, दोऱ्या आवळल्या गेल्या. आत्या उतरली नाही. आता उतरू, असं तिने मनाशी म्हटलंही, पण पाय हलेनात. भावजय घडीचं टेबल घेऊन दाराशी आली. "वन्सं, उतरताय ना? कोंडल्यासारखं होत असेल तुम्हाला."

आत्याने सीटची कड घट्ट धरली.

"मला कोंडल्यासारखं होत नाही," ती म्हणाली. "कधीच होत नव्हतं. तेव्हा जागा नव्हती म्हणून बोलले. मला तुमच्याबरोबर यायचंय."

टपावर चढलेला भाऊ दोरी हातात धरून तसाच राहिला. भावजय टेबल छातीशी धरून उभी होती, आणि तिचे डोळे बघता बघता भरले. इतकी वर्षं आम्ही लोकांना सांगत सुटलो, असं काहीसं ती पुटपुटली. मग तिला हातातल्या वस्तूची आठवण झाली. "अगंबाई, मग हे टेबल?"

"वर टाक," आत्या म्हणाली. "कॅरियर काय शोभेला केलाय?"

टेबल वर गेलं. बर्फाची पेटीही वर गेली. भाची म्हणाली, आत्या, तुझे कपडे भरून आणते, कुठे काय आहे सांग. आत्या जरा ओशाळली. मशीनच्या मागे पिशवी आहे, म्हणाली. भाची पिशवी घेऊन आली, आत एक नजर टाकली, नीट घड्या घातलेली शाल बघितली आणि आत्याच्या गळ्यात पडली.

शटर ओढायला भाऊ उतरला. कुलूप लावून परत येताना त्याने बाहीने नाक पुसलं आणि खिडकीत वाकला. "ताई, आता दर वर्षी यावं लागेल," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय ही गाडी आत-बाहेर होत नाही."

"मग टाके मारून ठेवलेत ते कशाला," आत्या म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन नीट सावरून बसली.