उजव्या खांद्यावरचा पदर

माझी लेक लतिका शिकागोत राहते. तिची मुलगी केया मला एकदा म्युझियममध्ये घेऊन गेली. भिंतींवर काबुकी नाटकातल्या नटांची जपानी चित्रं होती, लाकडावर कोरून कागदावर छापलेली. एका बाईपाशी मी थांबलो. मान जराशी कललेली, करंगळी वेगळी धरलेली.

"केया, हा बाप्या आहे."

"ओ माय गॉड आजोबा, कसं कळलं?"

"अगं, मी जन्मभर दुसरं काय केलं?"

दशावतारी कंपनीत मी रुक्मिणी व्हायचो, द्रौपदी व्हायचो. घरी येताच केयाने रुक्मिणीचा जुना फोटो मागून घेतला आणि तसंच चित्र करायला बसली. हिवाळाभर बेसमेंटमधून लाकूड खरवडल्याचा आवाज यायचा. शनिवारी ते लायब्ररीतल्या प्रदर्शनात लागणार होतं.

शुक्रवारी तिने पहिला छापलेला कागद उचलला आणि रडायलाच लागली. "पदर राइट शोल्डरवर! नथ पण राइटला!"

काढलेलं चित्र लाकडावर पालथं चिकटवून कोरायचं असतं. हिने उताणं चिकटवलं होतं, म्हणून छापताना सगळं उलटं आलं.

"परत कोर ना," लतिका म्हणाली.

"मॉम, उद्यापर्यंत? मी कॅन्सल करतेय."

मी कागद उजेडात धरला आणि मला हसू फुटलं.

"आजोबा, हसू नका ना!"

"अगं, हिला मी ओळखतो! खेळाआधी पेटाऱ्यावर आरसा टेकवून मी रंग लावायचो. सफेदा, काजळ, शेवटी नथ. आरशात ती अशीच दिसायची. लोकांनी पाहिली ती दुसरी. ही मी एकट्यानेच पाहिलेली."

"खरं? की मला बरं वाटावं म्हणून?"

"जा, आरसा आण."

मी शाल डाव्या खांद्यावर घेतली आणि मान कलती केली. केयाने आरशात पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि अशी ओरडली की लतिकाच्या हातातला चहा सांडला.

शनिवारी चित्र भिंतीवर लागलं. एका गोऱ्या गृहस्थाने विचारलं, ही बाई कोण?

"माय ग्रँडफादर," केया म्हणाली.

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. माझी करंगळी आपोआप वर गेली होती.

"बाबा, लोक बघतायत," लतिका कुजबुजली.

"मग? बघायलाच तर आलेत."