येहेबची साक्ष

मित्रांनो, मी सोमाली माळावरचे येहेबचे एक जुने झाड आहे. वय विचारू नका. मी उगवलो तेव्हा इथल्या वाळूचे अजून दगड होते. उंची बेताची, पण मुळे इतकी खोल की खाली झोपलेल्या पाण्याचे घोरणे मला ऐकू येते. माझ्या बिया भाजल्या की गोड लागतात. एवढ्या गोड, की मातीत पडायला एकही उरत नाही. म्हणून या भागात मी एकटाच. पाला मात्र खोडकर! हाताला लागला की हात लाल, आणि बकरीने रोज खाल्ला की तिची हाडेसुद्धा लाल.

एका सकाळी गेल्ले कुऱ्हाड घेऊन आला. समुद्रकाठचा माणूस, आमच्याकडे नवीनच.

"सरपणाला बरं आहे," तो म्हणाला.

माझ्या पाल्यावर बकऱ्या पोसणारी अवरला नावाची बाई आडवी आली. "आधी माझी हरवलेली बकरी दे!"

"अगं बाई, मी खाल्ली ती माझी होती. किनाऱ्यावरून आणलेली. आणि या झुडपाचा उपयोग तरी काय?"

भांडण माळावरचे तंटे सोडवणाऱ्या समतरकाकांकडे गेले. काका माझ्या सावलीत बसले. सावली तोकडी, त्यामुळे पाय उन्हातच राहिले. ते वैतागून म्हणाले, "झाड कामाचं निघालं तर राहील. नाहीतर खुशाल तोड."

अवरला मात्र शांतपणे म्हणाली, "गेल्ले, तू खाल्लेल्या बकरीची हाडं आण."

गेल्ले ऐटीत हाडे घेऊन आला. लालचुटुक!

"ही लाल कशी रे?"

"मसाला जास्त पडला, काका."

काकांनी हाड फोडले. आतूनही लाल.

"मसाला हाडाच्या आत शिरला? तुझ्यासारखा आचारी अख्ख्या मुलखात नाही! किनाऱ्यावर येहेब उगवतं का रे?"

सगळा माळ हसला. गेल्लेला शिक्षा झाली: एका बकरीच्या दोन द्यायच्या, आणि वर्षभर मला राखायचे.

पहिला महिनाभर तो मला शिव्या देत बसला. मग बिया पिकल्या. राखणीच्या धाकाने कोणी ओरबाडल्या नाहीत, आणि पाऊस पडताच माझ्या बुंध्याशी दोन पानांचे पिल्लू उगवले. त्याला काट्यांचे कुंपण घालून गेल्ले अवरलाच्या बकऱ्यांवर ओरडू लागला, "हाकल त्यांना! माझं झाड आहे ते!"

"तुझं? कधीपासून रे?"

"तुझी बकरी पचल्यापासून!"

मित्रांनो, माझ्या बिया पोटभर खा, पण दोन-चार मातीसाठी सोडा. झाड राखायला दर वेळी बकरीच चोरली पाहिजे असे नाही.