मुलाखतीखालचा आवाज

रेडिओवालीनं दारात चपला काढता काढता आधी शिवणाच्या मशीनकडे पाहिलं. मशीनवर जुनी चादर टाकली होती आणि चादरीवर दुरुस्तीच्या कपड्यांचा ढीग. मावशी खिडकीशी बसून कुणाच्या तरी पँटची मोहरी हातानं शिवत होत्या.

"या ताई, या," रंगारी म्हणाला. "आई, ते स्टूल मोकळं कर."

कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती, म्हणून वस्ती त्याला रंगारीच म्हणे. गेल्या आठवड्यात त्याला कामावरून काढून टाकलं. उरलेलं रंगाचं पाणी रात्रपाळीत चोरनळीनं नदीत सोडतात आणि त्या नळीचा कॉक आपणच फिरवत होतो, असं त्यानं रेडिओवर सांगितलं होतं. नाव न घेता, आवाज बदलून. तसा शब्द दिला होता तिनं. "तुमच्या सख्ख्या आईलाही ओळखू येणार नाही," असं हसून म्हणाली होती.

आवाज तिनं खरंच ओळखू येण्यापलीकडे जाड केला. पण त्या आवाजाखाली मावशींच्या मशीनचा आवाज ठेवला.

मशीन लंगडं होतं. चार टाके सुरळीत पडले की चाक अडायचं, टक् करायचं आणि पुन्हा धावायला लागायचं. वस्तीतला एकूण एक फाटका खिसा त्या सुईखालून गेलेला, कारखान्यातल्या सुपरवायझरच्या बायकोचे कपडेसुद्धा. कार्यक्रम लागला तेव्हा ती स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली म्हणे, "अहो, हे तर मावशींचं मशीन!"

आणि गंमत म्हणजे मुलाखतीच्या वेळी मशीन बंदच होतं. आतल्या खोलीत दार लावून बोलणं चाललं होतं आणि मावशींनी आपणहून हात आवरला होता. रंगारी पाळीवर निघून गेल्यावर रेडिओवालीनंच मावशींना गळ घातली होती, "मावशी, जरा चालवता का? नुसता आवाज हवाय." पक्की नोकरी नाही, कार्यक्रमागणिक काम मागत फिरायचं. केंद्रावरचे साहेब तिला पुन्हा बोलवत ते अशाच आवाजांसाठी. "तुझ्या मुलाखतीत घर ऐकू येतं," असं ते म्हणत. त्या वाक्याची तिला चटक लागली होती. हावरटपणाच तो, दुसरं काय?

आज ती ते सांगायलाच आली होती. वाटेत वाक्य घोळवून घोळवून पार गुळगुळीत केलं होतं. आता तोंड उघडायचा अवकाश होता.

"तुम्ही असं तोंड पाडून बसू नका हो," रंगारीच म्हणाला. "तुम्ही तुमचा शब्द पाळलात. घात केला तो हिच्या मशीननं. आत काय चाललंय ते ठाऊक असूनही चालवत बसली. आणि मलाही कळलं नाही बघा. जन्मापासून कानावर आहे तो आवाज, वेगळा ऐकूच येत नाही."

रेडिओवालीनं चमकून मावशींकडे पाहिलं. सुई थांबली नव्हती.

"विसरले मी," मावशी म्हणाल्या.

"विसरली म्हणे!"

"नाही, ऐका, ते मशीन..." रेडिओवाली घाईघाईनं म्हणाली.

"दूध संपलंय," मावशी मध्येच म्हणाल्या. "जा, घेऊन ये. पाहुण्यांना काय काळा चहा पाजणार आहेस?"

तो पिशवी घेऊन पुटपुटत बाहेर पडला. त्याची पावलं जिना उतरून गेली.

"मावशी, असं का सांगितलंत तुम्ही?"

"सोमवारी त्याला नदीच्या पाण्याच्या चौकशीला बोलावलंय. तिथे आवाज बदलून चालायचं नाही. सगळ्यांसमोर, नाव सांगून बोलायचंय." त्यांनी दातानं दोरा तोडला. "सगळे सांगतात, कारखान्याची माफी माग, परत कामावर घेतील. मामा येऊन सांगून गेला. हा म्हणतो, ताईंनी माझ्यासाठी एवढी धडपड केली, आता मी माघार घेणार नाही. तुमच्या भरवशावर उभा आहे तो."

"पण तुम्हाला बोलतोय तो. चूक माझी असताना."

"बोलू दे. आईवर चिडलं तरी पोरगं जेवायला घरीच येतं. तुमच्यावरून मन उडालं, तर तो सोमवारी घराबाहेर पडायचा नाही."

निदान सोमवारपर्यंत सांगायला नको, या विचारानं रेडिओवालीला एकदम हायसं वाटलं. आणि तसं वाटलं याची तिला लगेच शिसारी आली.

"सोमवारनंतर मी स्वतः येऊन सांगेन त्याला," ती म्हणाली.

"ते तुमचं तुम्ही बघा." मावशींनी सुईत नवा दोरा ओवला. "विसरले म्हणाले, म्हणून मी विसरलेय असं समजू नका."

रंगारी दूध घेऊन आला तो फुललेल्या चेहऱ्यानं. चहा होईस्तोवर त्यानं सोमवारी काय काय बोलायचं ते तिला म्हणून दाखवलं. कॉक कुठे आहे, तो फिरवायला कोण सांगायचं, नदी कुठल्या दिवशी कुठल्या रंगाची व्हायची. तो मध्येच थांबून विचारायचा, "बरोबर बोलतोय ना मी?" ती मान हलवायची. तिनं कप रिकामा केला.

ती निघाली तेव्हा तो दारापर्यंत आला आणि मागे वळून म्हणाला, "आई, ताईंच्या एवढ्या मेहनतीची तू माती केलीस. निदान चुकलं तरी म्हण त्यांना."

"अहो, नको, राहू द्या ना..."

"नाही, म्हणू दे तिला."

मावशींनी सुई कापडात टोचून ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दारापर्यंत आल्या आणि सरळ तिच्या डोळ्यांत पाहत म्हणाल्या,

"चुकलं माझं, बाई."

रेडिओवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंगारी तिच्या उत्तराची वाट पाहत उभा होता. मावशीही.

"असू द्या, मावशी," ती म्हणाली. आवाज रेडिओवर लागतो तसा स्वच्छ लागला, कुठेही न अडखळता.