मानाची जागा

उपचारांच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या मागच्या आवृत्तीला परदेशी परीक्षकांनी एका रकान्यात नापास केलं होतं. रुग्णांचं मत विचारलं का? रकाना कोरा. समितीचे प्रमुख, प्राध्यापक साएगुसांना ते फार लागलं. आतड्याच्या जुनाट दाहावर कानाझावात त्यांच्याइतकी ऑपरेशनं कुणी केली नव्हती, आणि स्वतःची मतं त्यांच्याकडे भरपूर होती. ती कमी कशी पडली, हेच त्यांना कळेना.

म्हणून यंदा एक रुग्ण बोलावला. तोगाशी हे तातामी चटया विणणारे. त्यांचं मोठं आतडं साएगुसांनीच काही वर्षांपूर्वी काढलं होतं. बैठक एका जुन्या भोजनगृहात, जमिनीवर. पाहुण्याचा मान म्हणून तोगाशींना दारापासून सगळ्यात लांब, फुलांच्या कोनाड्यापाशी बसवलं. दाराशी, चहाच्या किटलीजवळ, सगळ्यात धाकटी सर्जन चिसा. मधे भिंतीपर्यंत प्राध्यापकांचे गुडघे.

चिसाला तत्त्वांत एकच वाक्य घालून हवं होतं: मोठं आतडं काढल्यावर दिवसातून किती वेळा संडासला जावं लागेल, ते रुग्णाला आधीच सांगावं. तिच्या वॉर्डात मिझुहो नावाची बस ड्रायव्हर होती, परवा सोमवारी तिचं ऑपरेशन. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तत्त्वांत नाही ते बोलून डॉक्टरनं रुग्णाला घाबरवायचं नाही, असा साएगुसांचा दंडक. आणि तत्त्वांत काही घालायचं तर बैठकीआधी एकेकाच्या खोलीत जाऊन होकार मिळवायचा. बैठकीत फक्त माना डोलवायच्या. चिसा सगळ्यांकडे जाऊन आली होती. सगळे म्हणाले होते, साएगुसांना चालत असेल तर आमची काय हरकत.

साएगुसा म्हणाले, पुरावा कमकुवत आहे. टाके कसे घालावेत ही शिफारस नुकतीच 'ठाम' ठरली होती, आणि तिचा पुरावा म्हणजे खुद्द साएगुसा. मग ते मायेनं कोनाड्याकडे वळले. "तोगाशीसान, तुमचं कसं चाललंय?"

"सेन्सेईंच्या कृपेनं उत्तम," तोगाशी साएगुसांपुढे वाकून म्हणाले.

रुग्ण समाधानी, अशी नोंद झाली.

चिसा मात्र तोगाशींकडे बघत होती. चहाला हात लावलेला नाही, जेवणाचा डबा उघडलेला नाही, कपाळावर घाम. तिच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतड्याचे एवढे जाणकार जमले आणि ज्याला आतडंच नाही त्याला दारापासून सगळ्यात लांब बसवून ठेवलं. जागा तिनंच ठरवल्या होत्या.

ती उठली. "तोगाशीसान, माझ्या जागेवर येता का?"

मानाच्या पाहुण्याला किटलीपाशी बोलावलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. गुडघे बाजूला सरकले. प्रत्येक गुडघ्याची माफी मागत तोगाशी दारापर्यंत आले आणि पुढे पळतच गेले.

परतल्यावर ते दाराशीच टेकले, चहा प्यायले, डबा उघडून दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "सेन्सेई, रागावू नका. आधी कळलं असतं तरी ऑपरेशन मी करून घेतलंच असतं. फक्त वरच्या मजल्यावरचं दुकान घेतलं नसतं. संडास खाली आहे."

"इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तुम्ही कसं चाललंय विचारायचात. त्याला उत्तम असंच म्हणायचं असतं."

बैठक हेलावली. लगेच एकमतानं ठराव झाला: रुग्ण-प्रतिनिधीला दाराजवळ बसवावं. शिफारस ठाम. चिसाचं वाक्य पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवलं. पुढे परीक्षकांनी त्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण दिले.

रविवारी चिसा तोगाशींना घेऊन वॉर्डात गेली. बोलायची बंदी डॉक्टरांना होती, चटया विणणाऱ्यांना नव्हती. तोगाशींनी खुर्ची दाराजवळ ओढली आणि मिझुहोला विचारलं, "बाई, तुमच्या बसच्या वाटेवर संडास कुठे कुठे आहेत?"

मिझुहो हसली. ती दोघं हसत नाहीत हे तिच्या लक्षात आलं, आणि ती एकेक थांबा आठवू लागली.