पाटावरची चावी

खुशालभाऊंच्या घरी गाडीची चावी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहायची. गाव हसायचं. "काऊन भाऊ, चावीले थंडी वाजते का?" हसा लेको, हसा! पुण्याला नोकरीवर असलेल्या त्यांच्या पोरीनं, ज्योत्स्नानं, गाडी घेऊन देतानाच बजावलं होतं. ही चावी फिरवावी लागत नाही. ती जवळ असली की दार उघडतं आणि बटण दाबलं की इंजिन सुरू. चोर जोडीनं येतात. एक घरातल्या चावीपाशी यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी; यंत्र चावीचा संदेश पकडून तिथवर पोचवतं. गाडीला वाटतं, धनीच आला. पत्र्याच्या डब्यात मात्र चावी मुकी होते.

गाडी काही शौकासाठी नव्हती. भाऊंच्या बायकोच्या, रुखमाबाईंच्या, किडन्या गेलेल्या. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा गडचिरोली गाठायची, तीही सकाळच्या पहिल्या नंबराला. रस्ता सगळा जंगलाचा, आणि उन्हाळ्यापासून वाघानं त्या रस्त्यावर दोन मोटारसायकलवाले उचललेले. म्हणून ही गाडी, म्हणून गाडीखोलीला विजेचं शटर. बाईंना उघड्यावर पाऊल टाकावं लागू नये, एवढंच.

दसऱ्याला भाऊंनी ओसरीत पाट मांडला. विळा, कुदळ, कुऱ्हाड ठेवली आणि डबा उघडून चावी अन् शटरचा रिमोटही काढला.

"राहू द्या ना जी डब्यात," रुखमाबाई म्हणाल्या. "पोरगी काय म्हणली होती?"

"वर्षाचा सन हाय! जे तुले जगवते, त्याचीच पूजा नाई कराची?"

झालं. चावीला हळदकुंकू लागलं आणि ती तिथंच राहिली, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर.

संध्याकाळी सोनं द्यायला माणसं येऊ लागली. दसऱ्याला दारात आलेल्याला 'तू कोण?' असं विचारायची आपल्यात रीत नाही. एक अनोळखी माणूस आला, नवा सदरा घातलेला, छातीशी काळी बॅग धरलेली. आपट्याची पानं हातात देऊन तो दोघांच्या पाया पडला.

"काकू, उद्या दवाखान्यात जाचं हाय ना?"

रुखमाबाई त्याला निरखू लागल्या. हा कोणाचा कोण, आणि याला उद्याचं कसं ठाऊक? भाऊंना मात्र केवढं कौतुक! बस म्हटलं तर तो बसेना. "अवजाराईलेही सोनं द्या लागते," म्हणत पाटाशी वाकला. बॅग चावीजवळ टेकवली. विळ्यावर पान ठेवलं, कुदळीवर ठेवलं. रिमोटवर ठेवलं तेव्हा बोट जरा दाबूनच धरलं.

चौकात रावण जळत होता, डीजेनं भिंती हादरत होत्या.

"शटर वाजलं का जी?"

"डीजे हाय तो. तुले भलतंच आयकू येते."

माणसानं पाणी मागितलं, सावकाश प्यायला आणि हात जोडून गेला. रुखमाबाईंना राहवेना. भिंत धरत त्या मागच्या बाजूला गेल्या. शटर वर, दिवा चालू, गाडीखोली रिकामी.

पोलिसांनी लिहून घेतलं. भाड्याच्या गाडीवाल्यांनी सणामुळे फोन उचलला नाही. एसटी दवाखान्यातला नंबर निघून गेल्यावर पोचणार. मागं एकदा खाडा झाला, तेव्हा बाईंचा श्वास कोंडला होता. आता थांबणं म्हणजे मरणच.

पहाटे भाऊंनी जुनी मोटारसायकल पुसली. "मीच करंटा, रुखमे," ते म्हणाले.

बाई पाटावरचा विळा उचलून, कुंकवासकट पदराखाली धरून मागं बसल्या.

नाल्याच्या वळणावर धुकं होतं. अचानक झाडांवरून माकडं धोक्याची हाक देऊ लागली, एकाच दिशेला तोंड करून. बाजूच्या बांबूत काहीतरी जड हललं. रुखमाबाईंची बोटं भाऊंच्या खांद्यात रुतली. आणि भाऊंचा हात सवयीनं बाजूला गेला, गाडीची काच वर करायला. बोटांना नुसती गार हवा लागली.