अजून एक ऊन

थोरलीने वाळल्या घासाच्या गंजीत कोपरापर्यंत हात खुपसला आणि चटकन मागे घेतला. मग झटकून पुन्हा घातला, जणू पहिल्या खेपेला हातच खोटं बोलला होता. आत दमट, गरम वाफ होती आणि तंबाखूसारखा गोडसर वास येत होता. गंजी तापली होती.

गंजीला लागूनच गोठा, गोठ्यात घरातल्या सगळ्या गाई. लसूणघास ओला रचला की आतल्या आत तापत जातो आणि एखाद्या दिवशी कुणी काडी न लावताही पेट घेतो, हे तिला कुणी नव्याने सांगायला नको होतं. दुसऱ्यांना हे सांगण्यातच तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

चूक तिचीच होती. कापणीच्या तोंडावर तिने घासाला भरपूर पाणी सोडलं. घास कमरेला लागला खरा, पण काड्या जाड झाल्या. कापून पसरल्यावर पानं लगेच कुरकुरीत झाली, काड्यांच्या पोटातली ओल मात्र हटेना. त्यात आभाळ भरून आलं. तेव्हा धाकट्या जावेने मूठभर काड्या पिळून पाहिल्या, तर बोटांना हिरवं पाणी लागलं.

"जाऊबाई, अजून एक ऊन द्यायला हवं."

"आणि पाऊस आला तर? भिजलेला घास तू शिजवून घालणार गाईंना?"

दीर दूध घालायला गेलेला, मजूर बायका सगळ्या हसल्या होत्या. धाकटीही हसली आणि मुकाट्याने भारे उचलू लागली. पाऊस काही आला नाही.

नवरा गेल्यापासून थोरलीचं घरातलं वजन तिच्या शब्दावर होतं. पाणी कधी द्यायचं, कापणी कधी करायची, कुठली गाय ठेवायची, हे तिने सांगायचं आणि घराने ऐकायचं. मूलबाळ नव्हतं, शेत आता दिराचं. हा शब्दच खोटा ठरला तर या घरात आपण कोण? जेवायला बसणारी आणखी एक बाई.

रात्री जेवताना ती खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिली. दुधाची गाडी चढावर कशी रडते, हे रडगाणं दीर गात होता. वाढता वाढता धाकटीची नजर तिच्या लाल झालेल्या मनगटावर गेली.

"भाजलं का?"

"पातेल्याचा चटका."

"मलम लावा मग," धाकटी म्हणाली. स्वयंपाक तर धाकटीनेच केला होता.

थोरलीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडताना ती उठली ती सांगून टाकायचं ठरवूनच. धीर आला होता असं नाही. एका रात्रीतच लपवून लपवून ती थकली होती. पण गोठा रिकामा होता. गाई पार झाडाखाली नेऊन बांधलेल्या आणि धाकटी शिडीवर उभी राहून दाताळ्याने गंजी खाली ओढत होती. ओढेल तिथून वाफ निघत होती.

"तुला कधी कळलं?"

"परवा. रोज हात घालून बघत होते." धाकटीचं दाताळं थांबलं नाही. "वाटलं, तुम्हीच सांगाल. काल जेवताना नाही सांगितलंत, मग आले."

थोरलीला आधी राग आला, मग लाज वाटली. दोन्ही गिळून तिने दुसरं दाताळं उचललं. गंजीच्या पोटातला घास काळपट तपकिरी झाला होता, हातात घेतला की भुगा होत होता. दोघी तो ओढून अंगणभर पांगवत राहिल्या. घामाने आणि धुळीने तोंडं ओळखू येईनाशी झाली.

दीर आला आणि बघतच राहिला.

"अर्ध्याची माती झाली की! एवढी ओली कुणी रचली?"

थोरलीने तोंड उघडलं.

"आम्ही दोघींनी," धाकटी म्हणाली. "घाई झाली. तुम्ही उभे काय राहिलात, पाण्याच्या बादल्या आणा."

दीर बादल्या आणायला गेला. थोरलीला क्षणभर वाटलं, म्हणावं हिला, तुझे उपकार कुणी मागितले होते? पण तिने दाताळं खाली ठेवलं. ती तिथेच घासावर बसली. धाकटी शेजारी येऊन बसली.

पुढच्या कापणीला थोरलीने पाणी देताना हात आखडता घेतला, आणि नुकती फुलं दिसू लागताच घास कापला. काड्या बारीक होत्या, वाळतही बऱ्या होत्या. पण आभाळाची खोड तीच. दीर भारे बांधायला दोऱ्या घेऊन आला.

"वहिनी, रचायचा ना?"

थोरलीने मूठभर काड्या घेऊन पिळल्या. पाणी आलं नाही. तिच्या हिशेबाने घास रचायजोगा झाला होता. तरी तिने दुसरी मूठ उचलून धाकटीपुढे धरली.

"बघ गं."

धाकटीने पिळलं, वास घेतला, एक काडी दाताखाली चावली. मग बिचकत बिचकत नकाराची मान हलवली.

"अजून एक ऊन."

वारा सुटला होता. पसरलेल्या घासाच्या कडा उडू लागल्या होत्या. थोरलीने आभाळाकडे पाहिलं, घासाकडे पाहिलं आणि दिराकडे वळली.

"अजून एक ऊन द्यायचं, भाऊजी. दोऱ्या ठेवून द्या."

"आणि पाऊस आला तर?"

"तर आम्ही दोघी शिजवू," थोरली म्हणाली आणि दाताळं भिंतीला टेकवून घरात गेली.