आठ्यांआडचा अंधार

मी एक जुना पडदा आहे. जाड, तपकिरी, कडेला दुहेरी शिवण असलेला. मित्रांनो, मला शिवणारा शिंपी अभिमानाने म्हणाला होता, "यातून उजेडाचा बापसुद्धा आत यायचा नाही!" हेच कौतुक पुढे माझ्या अंगाशी आले.

मला इंग्रजीच्या एका मास्तरांच्या खोलीत टांगले. मास्तरांना शब्दांची मुळे खणण्याचा भारी नाद. शिकवणीच्या मुलांसमोर ते मला सर्रकन ओढत आणि विचारत, "खोलीत आता काय आलं?"

"ग्लूम!" मुले ओरडत.

"बरोबर. पण अंधार हा त्याचा नंतरचा अर्थ. शेकडो वर्षांपूर्वी तो शब्द कपाळाला आठ्या घालून, तोंड पाडून बसण्यासाठी वापरत. त्याआधी तो कुठून आला, हे नक्की कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे बघा, आधी माणसाचं तोंड काळवंडलं आणि मग खोल्या!"

त्या धड्यात मला मोठा मान असे. घरातही तो शब्द चांगलाच मुरला. कोणी आठ्या घातल्या की बाकीचे म्हणत, "ग्लूम आलाय, आपोआप उतरेल," आणि त्याला एकटे सोडत.

मास्तरांनी शिकवणे थांबवले. पुढे त्यांच्या कपाळावर आठ्या दिसू लागल्या. ते पुस्तक नाकाशी धरत आणि चिडून मिटून ठेवत. समोरचा चहाचा कप त्यांच्या हाताने कलंडे.

"बाबांना ग्लूम आलाय. मुलं यायची थांबली ना," मुलगा बायकोला सांगे. "त्यांच्या वाटेला जाऊ नकोस." मग दार हलकेच लोटले जाई.

मला मात्र धास्ती वाटू लागली. मास्तर मला रोज बाजूला सारत आणि पुटपुटत, "किती हा काळोख!" मी तर केव्हाच खिडकीवरून सरून भिंतीला चिकटलेला असे. ओरडून सांगावेसे वाटे, पण पडद्याला कुठला आवाज?

एका भर दुपारी ते खुर्चीवर चढले. चाचपडत त्यांनी मला धरले आणि दांडीसकट खाली ओढले. आवाज ऐकून सून धावत आली. खोलीभर रणरणीत ऊन पसरले होते.

"बाबा, अहो पडाल ना!"

"पडदा काढला, तरी उजेड कसा नाही गं? ढग आलेत का?"

सुनेने त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवला.

"अगं, गेलीस का?" मास्तरांनी विचारले.

डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर आता परत येणार नाही. आधी आणायला हवं होतं."

मित्रांनो, मला धुतले नाही, उन्हात विटू दिले, तरी माझी तक्रार नाही. पण घरात कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या, तर दार लोटून घेऊ नका. आत जाऊन विचारा.

मुलगा आता रोज मास्तरांना पुस्तक वाचून दाखवतो. मध्येच त्यांच्या कपाळाला आठी पडली की तो थांबतो आणि घाबरून विचारतो, "बाबा, काय होतंय?"

"काही नाही रे," मास्तर म्हणतात. "ऐकतोय. वाच तू."